औंधचे स्वराज्य आणि पहिल्या पायरीखालचा माणूस

गांधी जयंती जवळ आली की औंध संस्थानाचे गोडवे गाणारे लेख आणि संदेश फिरू लागतात. एका राजाने स्वतःहून सत्ता सोडली, खेड्यांनी आपला कारभार आपण चालवला, पक्ष नव्हते, निवडणुकीचा धुरळा नव्हता, सगळे कसे गुण्यागोविंदाने चालले होते! शेवटी एक वाक्य ठरलेले असते. घटना समितीने औंधचा मार्ग धरला असता तर आज पक्षांची ही बजबजपुरी माजली नसती. म्हणजे बोट थेट संविधानाकडे आणि ते लिहिणाऱ्याकडे. बाबासाहेबांना खेडे कळले नाही, शहरात राहून त्यांनी खेड्याचा द्वेष केला, हा आरोप त्यातून अलगद सरकवला जातो.

आमच्या मैंदर्गीच्या तरुणांच्या गटातही मागे असाच एक संदेश आला. पोरांनी विचारले, खरे आहे का हे? यातले बरेचसे खरे आहे, आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यावे लागते. खोट्याला उत्तर देणे सोपे असते. अर्धवट सांगितलेल्या खऱ्याला उत्तर द्यायचे तर सगळी हकीकत मांडावी लागते.

औंध म्हणजे केवढे राज्य? क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल, लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास, गावे ७२. आजच्या आपल्या एका अक्कलकोट तालुक्याएवढा मुलूख, तोही सलग नाही. औंध आणि कुंडल साताऱ्याच्या बाजूला, आटपाडी माणदेशात आणि गुणदाळ तिकडे विजापूरकडे, भीमेच्या पलीकडे. चार तालुके चार दिशांना, मधे ब्रिटिश मुलूख आणि दुसऱ्यांची संस्थाने. ज्यांनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली आहे त्यांना हा प्रदेश ओळखीचा वाटेल. मुंबई इलाख्यात अशी चिमुकली राज्ये पसरलेली होती. प्रत्येकाला गादी, शिक्का, दरबार आणि कारभारी. आमच्या शेजारचे अक्कलकोटही त्यातलेच, आकारानेही जवळपास तेवढेच. सोलापूर शहरातला माणूस १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधिमंडळासाठी मत देत होता, स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभेला जात होता. तिथून वीस-पंचवीस मैलांवर संस्थानाची हद्द लागली की ते मत संपत होते. हद्दीच्या पलीकडचा महार-मांग तर सोडाच, पाटील-देशमुखसुद्धा त्या निवडणुकीचा मतदार नव्हता.

या पार्श्वभूमीवर औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी जे केले ते कमी लेखण्याचे आम्हाला कारण नाही. ते सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि चित्रकार. यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभे केलेले संग्रहालय आजही लोक पाहायला जातात. ऑक्सफर्डहून शिकून आलेला मुलगा आप्पासाहेब पंत आणि बंगळूरहून आलेला मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनिअर यांच्या आग्रहाने त्यांनी जबाबदार राज्यपद्धती द्यायचे ठरवले. नोव्हेंबर १९३८ मध्ये तशी घोषणा झाली. आप्पासाहेब आणि फ्रीडमन सेवाग्रामला गांधींकडे गेले, घटनेचा आराखडा त्यांच्या सल्ल्याने तयार झाला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची घटना लागू झाली. त्या वेळी बहुतेक संस्थानिक प्रजा परिषदांच्या कार्यकर्त्यांना तुरुंगात टाकत होते. राजकोटात काय चालले होते ते आठवा. त्या मानाने औंध पुष्कळच पुढे होते. आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत त्याच काळातली, पुढे 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाला जिच्यावरून कल्पना मिळाली ती. बेचाळीसच्या लढ्यात भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळाला, हेही खरे.

आता निवडणूक कशी होती ते पाहू. कारण राजा किती भला होता हा प्रश्नच नाही. मत कोणाला होते, ते कुठपर्यंत पोचत होते, हा प्रश्न आहे.

गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. गावोगावच्या पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती. तालुका समित्यांमधून संस्थानच्या विधिमंडळात प्रतिनिधी जायचे. म्हणजे गावातला मतदार विधिमंडळाचा सभासद थेट निवडतच नव्हता. तो पाच पंच निवडून मोकळा. पुढची शिडी पंचांची आणि त्यांच्या अध्यक्षांची. गावपातळीवरचे न्यायनिवाडेही पंचायतीकडे सोपवलेले. या रचनेत पक्षाला जागाच नव्हती. जाहीरनामा कोणाचा आणि कशासाठी? गावाने गावातल्या 'चांगल्या माणसाला' निवडायचे आणि त्या चांगल्या माणसांनी आपल्यातल्या आणखी चांगल्या माणसाला वर पाठवायचे. वर गादी होतीच, ती वंशपरंपरागत राहिली. आप्पासाहेब पुढे १९४४ ते १९४८ संस्थानचे पंतप्रधान होते. बाप राजा, मुलगा पंतप्रधान. दोघेही सज्जन असतील, होतेच. पण विधिमंडळात समोर बसून 'आम्ही तुमच्याऐवजी राज्य चालवू' असे म्हणणारे कोणी असावे, ही सोयच त्या घरात बांधलेली नव्हती. पक्ष नसलेले राज्य म्हणजे सर्वांचे राज्य, असा गांधीवाद्यांचा समज. आम्ही म्हणतो, पक्ष नसलेले राज्य म्हणजे एकाच पक्षाचे राज्य. त्या पक्षाने आपले नाव सांगितलेले नसते, एवढेच.

दुसरी गोष्ट मतदाराची. इथे कौतुक करणारे लेख हमखास गडबड करतात. 'सर्वांना मताधिकार दिला' असे लिहून मोकळे होतात. औंधच्या घटनेत मतासाठी साक्षरतेची अट होती. ही अट गांधींच्या पसंतीची होती आणि 'हरिजन'मध्ये जानेवारी १९३९ मध्येच त्यांनी तिचे समर्थन केले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मत हा मान आहे, त्याला काही पात्रता हवी, आणि सर्वांत सोपी पात्रता अक्षरओळख. शिवाय प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आहेच, आप्पासाहेबांनी सहा महिन्यांत निरक्षरता घालवण्याचा शब्द दिला आहे, तेव्हा अडचण ती काय?

सहा महिने! १९३१ च्या जनगणनेत या देशातल्या शंभर माणसांत दहासुद्धा साक्षर नव्हती. ही शंभरातली दहा कोणत्या आळीतली होती हे आम्ही वाचकांना सांगायची गरज नाही. ज्यांना हजारो वर्षे अक्षरापासून हातभर लांब ठेवले, त्यांनाच म्हणायचे, अक्षर दाखव आणि मत घे. ज्या साताऱ्याच्या परिसरात औंध वसले आहे, त्याच साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा घरून आणलेल्या तरटावर बसून शिकला. मुंबई प्रांतात बोले यांचा ठराव १९२३ साली झाला, सार्वजनिक शाळा, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना मोकळ्या कराव्यात म्हणून. १९२७ ला तो महाडमध्ये अमलात आणू गेलो तर डोकी फुटली. ब्रिटिश कायद्याच्या राज्यात ही गत. आणि इकडे अक्षरओळखीची अट 'सोपी' वाटत होती.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे उत्तर दहा वर्षे आधीच देऊन ठेवले होते. सायमन कमिशनच्या कामासाठी नेमलेल्या मुंबई प्रांतिक समितीचे ते सभासद होते. समितीच्या बहुमताशी पटले नाही म्हणून त्यांनी मे १९२९ मध्ये स्वतःचा वेगळा अहवाल दिला. त्यात प्रौढ मताधिकाराची मागणी आहे. निरक्षर म्हणजे अडाणी नव्हे, आपले हित कशात आहे हे कळायला शाळेचा दाखला लागत नाही, आणि ज्याला दडपले गेले आहे त्यालाच मताची गरज सर्वाधिक असते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. शिक्षणाने मत मिळते की मताने शिक्षण मिळते? गांधींनी पहिले उत्तर निवडले, बाबासाहेबांनी दुसरे. ज्याच्याकडे मत नाही त्याच्या वस्तीत शाळा काढण्याची घाई कोणत्या मंत्र्याला असते? गांधी म्हणत, मंत्री प्रामाणिक असेल तर करील. सगळी घटनाच 'मंत्री प्रामाणिक असेल तर' या एका खुंटीला टांगलेली.

आता तिसरी आणि आमच्या दृष्टीने खरी गोष्ट, ती पहिली पायरी.

आटपाडी हा औंधच्या चार तालुक्यांपैकी एक. या आटपाडीच्या महारवाड्यात ११ जुलै १९२१ रोजी शंकरराव खरात जन्मले. पुढे वकील, 'प्रबुद्ध भारत'चे संपादक, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू, १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांचे वडील गावचे तराळ. 'तराळ-अंतराळ' या आत्मचरित्रात त्या तराळकीचे जे चित्र येते ते ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. विहिरीत सापडलेल्या प्रेताची राखण करण्याचे आणि ते बाहेर काढण्याचे काम वडिलांच्या अंगावर कसे ढकलले गेले, नाही म्हणायची सोयच कशी नव्हती, तो प्रसंग वाचून आजही अंगावर काटा येतो. सरकारी टपाल पोचवा, सारा गोळा करताना पाटलाबरोबर फिरा, दवंडी द्या, मेलेले ढोर ओढा, रात्री-अपरात्री हाक आली की उठा. आणि मोबदला काय? तर बलुते, म्हणजे खळ्यावर हात पसरणे.

१९३९ साली औंधच्या घटनेने गावाच्या हाती सत्ता दिली तेव्हा खरात अठराव्या वर्षात होते. कल्पना करा की अशाच एखाद्या तराळाने गावपंचायतीच्या निवडणुकीत पाटलाच्या माणसाविरुद्ध उभे राहायचे ठरवले. तो उभा राहील कोणाच्या बळावर? पाठीशी गावाबाहेरची संघटना नाही, कारण या पद्धतीत संघटनेला स्थानच नाही. मते मागायची तर ज्यांच्या खळ्यावर बलुते मागायचे त्यांच्याच दारात जायचे. गाव सवर्णांचे, महारवाडा मूठभर, त्यातही अक्षर येणारे बोटांवर मोजण्याएवढे. हरला तर हरला, पण निवडणूक संपल्यावर त्याच गावात राहायचे आहे. उद्या बलुते बंद झाले, विहिरीवरून भांडण झाले, तर निवाडा करणार कोण? तीच पंचायत. तालुक्याला दाद मागावी तर तालुका समिती अशाच पंचायतींच्या अध्यक्षांची. विधिमंडळात जावे तर तिथेही त्याच शिडीवरून चढलेले. खालच्या पायरीवर ज्याला पाय ठेवू दिला नाही त्याला वरची कोणतीच पायरी मिळत नाही. पाच पंचांत एखादा महार घेतला, तरी चारांसमोर एकाने काय बोलायचे हे प्रत्येक महारवाड्याला माहीत आहे. त्याला अंगठ्यापुरता ठेवतात.

हा आमचा कल्पनाविलास म्हणून कोणी उडवून लावू नये. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये, पुणे कराराची शाई वाळते न वाळते तोच, मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले. बाबासाहेब त्याच्या विरोधात उभे राहिले. त्यांची हरकत ग्रामपंचायत या शब्दाला नव्हती. जातीने बरबटलेल्या गावाच्या हाती, अस्पृश्यांना निश्चित प्रतिनिधित्व दिल्याशिवाय, सत्ता देऊ नका, ही हरकत होती. निव्वळ प्रौढ मताधिकार दिला तरी खेड्यात अस्पृश्य अल्पसंख्यच राहणार, म्हणून राखीव जागा पाहिजेत, असे त्यांनी बजावले. पंचायतीला न्यायदानाचे अधिकार देण्यालाही त्यांचा विरोध होता. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच भाऊबंदांनी न्याय करायचा? औंधची घटना येण्याच्या सहा-सात वर्षे आधीचे हे भाषण आहे. बाबासाहेबांना खेडे कळत नव्हते म्हणणाऱ्यांनी ते एकदा वाचावे.

आणि तारखांचा योगायोग पाहा. औंधची घटना लागू झाली २१ जानेवारी १९३९ ला. त्यानंतर बरोबर आठ दिवसांनी, २९ जानेवारीला, बाबासाहेब पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वार्षिक समारंभात बोलत होते. विषय होता संघराज्य विरुद्ध स्वातंत्र्य. १९३५ च्या कायद्याने जे संघराज्य येऊ घातले होते त्याच्या कनिष्ठ सभागृहात ३७५ पैकी १२५ जागा संस्थानांना होत्या, आणि त्या भरायच्या होत्या संस्थानिकांनी नेमणूक करून. प्रजेने निवडून नव्हे. बाबासाहेबांनी त्या भाषणात या रचनेच्या चिंधड्या उडवल्या. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या माणसाने लढून मिळवलेले मत संस्थानिकांच्या नेमलेल्या माणसांनी निष्प्रभ करायचे, असा तो डाव होता. औंधसारखा एखादा राजा चांगला निघाला म्हणून साडेपाचशेहून अधिक संस्थानांच्या प्रजेचा प्रश्न सुटत नव्हता. हक्क राजाच्या स्वभावावर अवलंबून असेल तर तो हक्क नव्हे, ती बक्षिसी. बक्षीस मिळालेली जमीन पुढच्या राजाने काढून घेतल्याची उदाहरणे आपल्याकडच्या वतनदारांना चांगली ठाऊक आहेत.

पक्षाविना, शिडीशिडीने होणारी निवडणूक फक्त औंधपुरती राहिली असती तर आम्ही एवढे लिहिले नसते. पण ही कल्पना फार लोकांना आवडली, आणि कोणाला आवडली हे पाहण्यासारखे आहे. पाकिस्तानात अयूब खान यांनी १९५९ साली 'मूलभूत लोकशाही' आणली. दोन्ही पाकिस्तानांत मिळून ८०,००० स्थानिक प्रतिनिधी निवडायचे आणि पुढे त्यांनीच राष्ट्राध्यक्षाला कौल द्यायचा. १९६० मध्ये या मंडळींनी अयूबांवर शिक्कामोर्तब केले आणि १९६५ मध्ये फातिमा जिनांना पाडून पुन्हा त्यांनाच बसवले. नेपाळात राजे महेंद्र यांनी डिसेंबर १९६० मध्ये लोकनियुक्त कोइराला सरकार बरखास्त केले, पक्षांवर बंदी घातली आणि १९६२ मध्ये 'पक्षविहीन पंचायत' पद्धत दिली. गाव पंचायतीवरून जिल्हा, जिल्ह्यावरून वर राष्ट्रीय पंचायत. आपल्या मातीतली, आपल्या परंपरेतली लोकशाही म्हणून तिची जाहिरात झाली. ती मोडायला १९९० चे जनआंदोलन लागले. भवानरावांना अयूबांच्या किंवा महेंद्रांच्या रांगेत बसवायचा आमचा हेतू नाही. हेतूंमध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे. पण सज्जनाने बांधलेली शिडी दुर्जनाच्या इतकी सहज कामी येत असेल तर दोष शिडीतच असला पाहिजे.

भारतातही ती शिडी दाराशी येऊन गेली. १९४६ साली श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी स्वतंत्र भारतासाठी गांधीवादी राज्यघटनेचा आराखडा पुस्तकरूपाने मांडला. रचना तीच, खाली गावपंचायत आणि तिच्यावर पायरीपायरीने उभे राहिलेले राज्य. घटना समितीत या विचाराचे लोक कमी नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे कठोर शब्द वापरले त्यावर पुढे कित्येक सभासद तुटून पडले. तो राग बाबासाहेबांच्या शब्दांचा होता की त्या शब्दांमागच्या वस्तुस्थितीचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. अखेर संथानम यांची दुरुस्ती बाबासाहेबांनी स्वीकारली आणि ग्रामपंचायती मार्गदर्शक तत्त्वांत, कलम ४० मध्ये, आल्या. पण मताचा पाया मात्र गावावर ठेवला नाही. तो ठेवला व्यक्तीवर. कलम ३२६, प्रौढ मताधिकार. लोकसभेला आणि विधानसभेला थेट मत, मधे पंच नाही, पाटील नाही, साक्षरतेचा दाखला नाही. ज्या गावपंचायतींत राखीव जागा हव्यात असे बाबासाहेब १९३२ ला सांगत होते, त्या संविधानाने बंधनकारक व्हायला ७३ वी घटनादुरुस्ती आणि १९९३ साल उजाडावे लागले. तराळकी-महारकीची वतने तरी कायद्याने केव्हा संपली? १९५८ च्या कायद्याने. तोवर औंध संस्थान विलीन होऊन दहा वर्षे झाली होती. बाबासाहेबांनी त्यासाठी पहिले विधेयक १९२८ मध्येच आणले होते.

राखीव जागा आल्यावर मग एक नवीन युक्ती निघाली, किंवा जुनीच नव्या नावाने आली. बिनविरोध! गावात एकी आहे, निवडणुकीने वैर वाढते, खर्च होतो, तेव्हा सगळे मिळून बिनविरोध करू. ऐकायला गोड. आम्ही ज्या गावांतून काम करतो तिथे हे गोड शब्द कोण उच्चारतो आणि कोण ऐकून घेतो, हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. राखीव जागेवर बौद्ध समाजातून कोण उभे राहणार हे बौद्ध वस्तीत ठरत नाही. ते वाड्यावर ठरते, आणि जो कमी बोलेल त्याचे नाव येते. दुसऱ्याने अर्ज भरला की 'गावाची एकी मोडणारा' हा शिक्का. मग त्याच्या मुलाला शेतावर काम मिळत नाही आणि किराणा दुकानात उधारी बंद होते. कानडी-मराठी मुलूख असो की माणदेश, या बाबतीत भाषेचा काही फरक पडत नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या, कारण तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. हा एकमताचा दुसरा चेहरा. तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यातल्या पाप्पापट्टी, कीरिपट्टी या गावांत तर अध्यक्षपद दलितांसाठी राखीव झाले म्हणून १९९६ पासून दहा वर्षे निवडणूकच धड होऊ दिली नाही. जवळच्या मेलवळवूमध्ये निवडून आलेल्या दलित अध्यक्षाचा, मुरुगेसन यांचा, १९९७ साली साथीदारांसह खून झाला. गावाची एकी!

बाबासाहेबांनी विरोधी पक्षाबद्दल इतके वारंवार का लिहिले-बोलले, ते इथे कळते. जानेवारी १९४३ मध्ये 'रानडे, गांधी आणि जिना' या भाषणात त्यांनी स्पष्ट केले की एकाच पक्षाच्या हाती लोकसत्ता दिली तर लोकशाही नुसते सोंग राहते आणि त्या सोंगाआड हुकूमशाही वावरते. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काँग्रेस होती. २२ डिसेंबर १९५२ ला पुण्यातच वकिलांपुढे बोलताना लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी त्यांनी सांगितल्या, त्यातही विरोधी पक्षाचे अस्तित्व आहेच. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते स्वतः मुंबईत पडले होते, आणि तरीही हे सांगत होते. पराभूत होण्याचा हक्कसुद्धा त्याच पद्धतीत असतो जिथे समोर उभे राहता येते. औंधच्या शिडीवर दलिताला पडण्याइतकेही वर चढता आले नसते.

आणि ती पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली कशी? ८ मार्च १९४८ ला दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. अक्कलकोट सोलापूर जिल्ह्यात आले, राजाचा मुलूख मतदारांचा झाला. १९५१-५२ च्या निवडणुकीला देशात सतरा कोटींवर मतदार होते आणि त्यातले बहुसंख्य निरक्षर. औंधच्या नियमाने ते सगळे घरी बसले असते. निवडणूक आयोगाने अक्षराची अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चित्र. नाव वाचता येत नाही? नको वाचू. चित्र ओळख आणि आपली चिठ्ठी त्या पेटीत टाक. आत पडदा, कोणी पाहायला नाही, पाटीलही नाही. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे चित्र होते हत्ती. काँग्रेसने त्या निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा जिंकल्या, म्हणजे एका पक्षाचा पूर्ण वरचष्मा. फेडरेशनला सगळ्या देशात मिळून जागा मिळाल्या दोन. एक हैदराबाद राज्यातली करीमनगरची. दुसरी सोलापूरची. तिथून पां. ना. राजभोज हत्तीच्या पेटीतून निवडून लोकसभेत गेले आणि विरोधी बाकावर बसले.